कधी सुरू झालं, कळलंच नाही

लघुपटाचा संगीतकार हा शेवटच्या पंगतीला बसणारा माणूस. पहिल्या पंगतीला कॅमेरावाले जेवून उठलेले असतात. लेन्सचं एका दिवसाचं भाडं ऐकलं की मला माझ्या पेटीकडे बघवत नाही. दुसऱ्या पंगतीला नटमंडळी, मेकअपवाले, गाडीवाले आणि ज्याच्या वाड्यात चित्रीकरण झालं तो वाडामालक. तिसरीला संकलक आणि कलरिस्ट. सगळे हात धुऊन सुपारी कातरत बसले, आचाऱ्याने तंबाखू मळायला घेतली, की कुणाच्या तरी लक्षात येतं, अरे, म्युझिकवाला राहिलाच! मग मला पान मांडतात. जिलबी संपलेली, मठ्ठ्यात पाणी वाढलेलं, भाताच्या पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज. आणि यजमान समोर उभे राहून प्रेमाने सांगतात, “दादा, संकोच करू नकोस. तुला पूर्ण फ्रीडम आहे.”

फ्रीडम म्हणजे पैसे नाहीत, हे कळायला मला दोन लघुपट लागले.

ज्याची गोष्ट सांगतोय त्या लघुपटाचं नाव सांगत नाही. दिग्दर्शकाकडून अजून निम्मे पैसे यायचेत, आताच तोडून चालणार नाही. पोरगा चोवीस वर्षांचा, हुशार, दाढी विचारपूर्वक वाढवलेली. चित्रपट अठरा मिनिटांचा. वाईतला एक जुना वाडा, त्यात एकटे आजोबा, आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. आजोबा घड्याळाकडे बघतात. साधारण अकरा मिनिटं बघतात. मधे एकदा पोस्टमन येऊन जातो. सोळाव्या मिनिटाला असं वाटतं की आता घड्याळ आजोबांकडे बघतंय. मला चित्रपट आवडला, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे काही बोलेन ते आवडलेल्या माणसाचं बोलणं आहे.

बजेटचा तक्ता मी बघायचा नव्हता. त्याने चुकून चित्रपटाच्या फाइलबरोबर तोही पाठवला. त्यात लिहिलं होतं: चहा-वडापाव, 11,400. त्याखाली म्युझिक, 8,000. त्या आठ हजारांत वादक, रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि मी. वडापाववाल्याचा मला राग नाही. त्याने माल वेळेवर दिला आणि कुणी त्याला “सेम वडा नको, पण त्या वड्यासारखाच हवा” असं सांगितलं नाही.

चित्रपट उभा राहिला होता वर्गणीतून. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’ला, 1976 साली, गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, हा दाखला दिग्दर्शक येता-जाता द्यायचा. त्याच्या वर्गणीदारांची संख्या बत्तीस, पैकी एकोणीस नातेवाईक. ‘मंथन’चं संगीत वनराज भाटियांचं. लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेला माणूस. पाच लाख निर्मात्यांपैकी एकानेही भाटियांना फोन करून “इथे जरा बासरी घाला की” असं सुचवल्याचं माझ्या वाचनात नाही. माझ्या बत्तीसांपैकी सात जणांनी सुचवलं. त्यातली एक मावशी. तिचं म्हणणं, आजोबा एकटे आहेत तर मागे अभंग लावा, लोकांना बरं वाटेल.

पैसे कमी असले की मी ‘पथेर पांचाली’ आठवतो. 1955 चा चित्रपट. रविशंकर दौऱ्यांतून कलकत्त्याला आलेले, हाताशी वेळ जवळजवळ नाही. सगळं संगीत एका रात्रीत, सुमारे अकरा तासांच्या बैठकीत ध्वनिमुद्रित झालं. काही तुकडे राहिले तेव्हा कॅमेरामन सुब्रत मित्रांनी सतार घेतली आणि वाजवून टाकले. आमच्याकडे कॅमेरामनने सतार उचलायची म्हटलं तर आधी ती उचलायला दोन असिस्टंट लागतील. पण मला त्या चित्रपटातली सगळ्यात थोर जागा वाटते ती दुर्गा गेल्यावर बाप परत येतो तेव्हाची. आई हंबरडा फोडते, आणि आपल्याला तिचा आवाज ऐकूच येत नाही. त्या जागी तार-शहनाई किंचाळते. रड काढून टाकली आणि सूर ठेवला. हे मी आमच्या दिग्दर्शकाला हात हलवून हलवून सांगितलं. त्याचे डोळे पाणावले. म्हणाला, “दादा, कमाल. आपण सूर काढून टाकू आणि रड ठेवू.”

आणखी एक चूक मी त्याच दिवशी केली. बोलण्याच्या भरात सांगून गेलो की 1961 च्या ‘तीन कन्या’पासून सत्यजित राय स्वतःच्या चित्रपटांना स्वतःच संगीत देऊ लागले. ही माहिती दिग्दर्शकांपासून लपवून ठेवावी. त्याच रात्री त्याने फोनवर एक ॲप उतरवलं आणि सकाळी नऊ सेकंदांची धून पाठवली. “असंच काहीतरी डोक्यात आलं. वापरलंच पाहिजे असं नाही.” नऊ सेकंदांत चार वेळा तीच पट्टी होती, पण तिच्यावर प्रतिध्वनी इतका चढवलेला की दरीत पडल्यासारखी वाटत होती. मी त्याला जॉन कारपेंटरचं नाव सांगितलं नाही, हे माझं नशीब. 1978 च्या ‘हॅलोविन’चं संगीत त्या दिग्दर्शकाने पैसे नाहीत म्हणून स्वतःच तीन दिवसांत केलं, आणि लहानपणी बापाने बोंगोवर शिकवलेल्या पाच मात्रांवर जगभरची माणसं घाबरवली. बाप संगीताचा प्राध्यापक होता, एवढाच काय तो आधार. आमच्या दिग्दर्शकाचे वडील बँकेत आहेत.

आता टेम्प ट्रॅक. आमच्या धंद्यातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ. संकलन चालू असताना नुसतं चित्र कोरडं वाटतं, म्हणून संकलक तात्पुरतं दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत खाली सरकवून ठेवतो. तात्पुरतं म्हणजे दोन महिने. दिग्दर्शक ते रोज दहा वेळा ऐकतो. मुलगी बघायला जाण्याआधी दोन महिने शेजारच्याच मुलीबरोबर रोज बागेत फिरायचं आणि मग स्थळ बघायला जायचं, तसला हा प्रकार. मी त्यातलं स्थळ.

आमच्या आजोबांच्या खाली त्याने ‘इंटरस्टेलर’ लावला होता. हान्स झिमरने त्यासाठी लंडनच्या टेम्पल चर्चमधला ऑर्गन वाजवून घेतला होता. माणसं कृष्णविवरात शिरतात तेव्हाचं ते संगीत. इथे आजोबा स्वयंपाकघरात शिरत होते. माझ्याकडे आजीची पेटी आहे, तिचा मध्यम पावसाळ्यात चिकटतो. “सेम नकोय,” दिग्दर्शक म्हणाला, “पण फील सेम पाहिजे. आणि कॉपी वाटता कामा नये.” मी तीन दिवस खपून काहीतरी केलं. त्याने ऐकलं, मान हलवली, म्हणाला, “छान आहे. पण त्यात जे होतं ना, ते नाहीये.” त्यात लंडन होतं, हे मी बोललो नाही.

बोलण्यात अर्थही नव्हता, कारण या दुखण्याला थोर पूर्वज आहेत. ‘2001: अ स्पेस ओडिसी’साठी ॲलेक्स नॉर्थने संगीत लिहिलं, वाजवून घेतलं, कुब्रिकने मात्र तात्पुरतं लावलेलं श्ट्राउस आणि लिगेटीचं संगीतच कायम ठेवलं. नॉर्थला हे कळलं 1968 मध्ये न्यूयॉर्कला, चित्रपट पडद्यावर चालू असताना. अवकाशयान फिरतंय, ‘ब्लू डॅन्यूब’ वाजतंय, आणि हा माणूस अंधारात आपली पहिली जागा येण्याची वाट बघतोय. मला निदान व्हॉट्सॲपवर कळतं. शिवाय हात जोडलेला इमोजी येतो.

दिग्दर्शकांची भाषा शिकायला मला काही वर्षं गेली. राग, ताल, सूर या गोष्टींचा त्यांच्या सूचनांशी संबंध नसतो. “हे जरा निळं कर.” “ओलसर हवंय, पण चिकट नको.” “इमोशनल कर, पण इमोशन दाखवू नकोस.” एकाने मला सांगितलं होतं, “म्युझिक फार म्युझिकल वाटतंय.” सुरुवातीला मी रात्र रात्र जागायचो. आता मनात एक शब्दकोश तयार आहे. निळं म्हणजे गंधार कोमल करायचा आणि पियानोवर आणायचा. ‘ऑर्गॅनिक’ म्हणजे बासरी. ‘फोक’ म्हणजे ढोलकी, पण तिला ढोलकी म्हणायचं नाही. ‘एज हवी’ म्हणजे त्याने काल रात्री एखादी वेब सिरीज संपवली आहे, दोन दिवस थांबावं, उतरतं. आणि “बाकी सगळं परफेक्ट आहे, फक्त एक छोटीशी गोष्ट,” याला मात्र अजून अर्थ सापडलेला नाही, कारण ती छोटीशी गोष्ट दर वेळी संगीतच निघते.

या दिग्दर्शकाची सूचना मात्र खरोखर चांगली होती. तो म्हणाला, “दादा, म्युझिक सुरू कधी झालं ते कळता कामा नये. म्हणजे नव्हतं, नव्हतं, आणि अचानक लक्षात यावं की अरे, हे मघापासून आहे.” मला ही कल्पना मनापासून आवडली. एकटेपणा असाच येतो. मी तंबोऱ्याचा आवाज घेतला, संगणकात खाली खाली उतरवत पांढरी पाचच्या खर्जाच्याही खाली नेला, आणि शून्यापासून कानावर यायला बारा सेकंद लागतील अशा बेताने चढवला. त्यावर पेटीच्या भात्याचा नुसता श्वास, सूर न दाबता. मग व्हायोलिन. पाठवल्यावर पाच मिनिटांत उत्तर आलं, “काहीच ऐकू येत नाहीये. ब्लँक फाइल पाठवलीस का?” तो फोनच्या स्पीकरवर ऐकत होता. फोनच्या त्या चिमूटभर स्पीकरातून इतका खालचा खर्ज उमटतच नाही, हेडफोन लाव, असं कळवलं. मग फोन आला. आवाज कापत होता. “दादा, अंगावर काटा!”

व्हायोलिनचं सांगायलाच हवं. माझी खोली सदाशिव पेठेत, दहा बाय अकरा, भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या. दुपारी एक ते चार हा रेकॉर्डिंगला सोन्यासारखा वेळ. पुण्याला नावं ठेवणाऱ्यांनी कधी माइक लावून पाहिलेला नाही. व्हायोलिनवाला माझा जुना मित्र. बजेट एका माणसाचं, दिग्दर्शकाला हवा ऑर्केस्ट्रा. मग मी त्याला एकच ओळ चार वेळा वाजवायला लावतो आणि दर वेळी खुर्ची हलवतो. एकदा खिडकीपाशी, एकदा कपाटापाशी, एकदा माइककडे पाठ करून. चारही टेक एकमेकांवर ठेवले की चार माणसं बसल्याचा भास होतो. खुर्च्या चार, माणूस एक. चहा मात्र तो चौघांचा पितो. तिसऱ्या टेकला खालच्या काकूंच्या कुकरची शिटी झाली. ती षड्जात होती, म्हणून ठेवली.

एवढं झाल्यावर पिक्चर लॉक उघडलं. पिक्चर लॉक म्हणजे संकलनाला शेवटचं कुलूप: यापुढे एक फ्रेमही हलणार नाही असं सगळ्यांनी एकमेकांना दिलेलं वचन. आमच्याकडे कुलूप नसतं, कडी असते आणि ती बाहेरूनही निघते. संकलकाने पोस्टमनच्या जागी चौदा फ्रेम कापल्या. जेमतेम अर्धा सेकंद. पण त्यानंतरचं माझं सगळं संगीत अर्धा सेकंद मागे राहिलं, आणि आजोबांनी सुस्कारा सोडला की थोड्या वेळाने व्हायोलिनला वाईट वाटू लागलं. ते सुधारलं, तर त्याने नवी फाइल 24 ऐवजी 23.976 फ्रेमच्या वेगाने काढली. हा दशांशातला फरक कुठल्या गोऱ्या इंजिनिअरने आमच्या मागे लावला ते सोडा. अठरा मिनिटांत त्याचा एक सेकंद होतो, आणि एका सेकंदात आजोबांची मान पूर्ण वळते. त्या फाइलचं नाव होतं ‘फायनल-फायनल-आता-पक्का-3’.

मग मित्रांना दाखवण्याचा कार्यक्रम झाला. दिग्दर्शकाचा एक मित्र होता, तो सगळ्या कार्यक्रमांत असतो. त्याने विचारलं, “पण आजोबांच्या घरात व्हायोलिन आलं कुठून?” मला आनंदच झाला, कारण या प्रश्नाचं तयार उत्तर इतिहासात आहे. हिचकॉकच्या ‘लाइफबोट’च्या वेळचा किस्सा सांगतात: भर समुद्रात वाद्यवृंद कुठून येणार, म्हणून संगीत नको असं हिचकॉकचं म्हणणं, त्यावर संगीतकार डेव्हिड रॅक्सिन म्हणाला, तिथे कॅमेरा कुठून आला ते त्यांनी सांगावं, मी वाद्यवृंद कुठून आला ते सांगतो. मी खुर्चीत सावरून बसलो आणि विचारलं, “मग कॅमेरा कुठून आला?” दिग्दर्शक म्हणाला, “पुण्याहून. भाड्याने.”

त्या रात्री त्याचा मेसेज आला. “दादा, एक विचार करतोय. सायलेन्स.”

सायलेन्स हा शब्द आला की समजावं, आपलं पान उचललं. नऊ मिनिटांचं संगीत होतं. आधी पोस्टमनचं गेलं. मग सुस्काऱ्याचं. सोळाव्या मिनिटाचं, ज्यावर मी खूश होतो, ते “खूप सुंदर आहे, म्हणूनच काढतोय” असं सांगून काढलं. मी भांडलो. तर त्याने ‘कुंकू’ काढला. प्रभातच्या 1937 च्या ‘कुंकू’त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत टाळून खऱ्याखुऱ्या आवाजांवर निभावलं होतं, आणि तेही इथेच, लॉ कॉलेज रोडला, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. हा पोरगा त्या संस्थेत शिकलेला नाही, पण रोज समोरून गाडीवर जातो, तेवढं पुरतं. ‘कुंकू’ला संगीतकार केशवराव भोळे होते आणि चित्रपटात गाणी होती, हे मी म्हणालो. तो म्हणाला, “एक्झॅक्टली!” यापुढे काय बोलणार?

शेवटी उरले एक्केचाळीस सेकंद. तो खर्जातला तंबोरा, भात्याचा श्वास आणि एका व्हायोलिनवाल्याची चार भुतं. कुकरची शिटीही राहिली, ती मात्र साउंड डिझाइनमध्ये धरली गेली आणि तिचं श्रेय दुसऱ्याला मिळालं.

हे सगळं आईला समजावणं हा वेगळाच उद्योग. आईच्या लेखी संगीतकार म्हणजे गाणी करणारा.

“गाणं कुणी गायलंय?”

“गाणं नाहीये त्यात.”

“मग संगीत कशाला दिलंस?”

या प्रश्नाने मला जितकं अंतर्मुख केलं तितकं कुठल्याही समीक्षकाने केलेलं नाही. विषय बदलावा म्हणून मी तिला रॉयल्टीचं सांगितलं. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला. चित्रपटगृहाबाहेर आपलं संगीत वाजलं तर त्याच्या मानधनातला संगीतकाराचा वाटा आता निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. म्हणजे माझ्या एक्केचाळीस सेकंदांची रॉयल्टी आज शून्य आहे, पण ते शून्य माझ्यापासून कुणी हिरावून घेऊ शकत नाही. आई म्हणाली, “बरं झालं बाई.”

चित्रपट एका महोत्सवात लागला. कुठल्या ते नको. कॉलेजचा हॉल, पंखे चालू, शंभरेक माणसं, त्यात बत्तीस निर्मात्यांपैकी अठ्ठावीस. आई दुसऱ्या रांगेत, काठपदराची साडी नेसून. मी मुद्दाम मागे उभा, आवाज सांभाळणाऱ्या माणसाजवळ. पंधरा मिनिटं हॉलमध्ये नुसतं घड्याळ, आजोबा आणि कुणीतरी उघडलेलं वेफर्सचं पाकीट. मग ती वेळ आली. नव्हतं, नव्हतं, आणि पायांखालून हळूच माझा खर्ज वर यायला लागला. इतका सुंदर त्या हॉलमध्ये लागला म्हणून सांगू, खुर्च्यांचे लोखंडी पाय थरथरत होते.

ऑपरेटर ताडकन उठला. “हम येतोय,” तो पुटपुटला.

आता यात त्याची चूक नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते, आणि कुठे वायर सैल झाली की स्पीकरमधून तोच पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट येतो. माझा तंबोरा ज्या पांढरी पाचवर जाऊन बसला होता तो सूर हिशेबाने एकोणपन्नास हर्ट्झचा. एका हर्ट्झच्या फरकाने मी कलावंत होतो आणि तो बिघाड. मी “अहो, अहो,” करेपर्यंत त्याने आवाजाची दांडी खाली ओढली, मागची वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली, आणि दांडी वर केली तेव्हा पडद्यावर ‘विशेष आभार’ चालू होते. त्याने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. गेला हम.

टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. दिग्दर्शकाला प्रेक्षकांतून एकाने विचारलं, शेवटची ती भयाण शांतता तुम्हाला कशी सुचली? दिग्दर्शकाने माझ्याकडे बोट केलं. खोटं कशाला बोलू, मी वाकून नमस्कार केला.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “तुझं कधी सुरू होणार होतं?”

मी सांगितलं, होऊन गेलं. तिला वाईट वाटलं असावं. घरी गेल्यावर तिने भाच्याला बोलावलं आणि माझ्याकडून ते एक्केचाळीस सेकंद मागून घेऊन त्याच्याकडून आपल्या फोनमध्ये घालून घेतले. बाकी सगळ्यांच्या फोनला गणपतीची आरती वाजते. माझा आला की माझं संगीत. तिने हे मला सांगितलं तेव्हा गळा दाटून आला, हे कबूल करतो. आजवर माझं कुठलंच काम इतक्या वेळा कुठे लागलेलं नाही.

परवा सकाळी फोन केला, उचलला नाही. दुपारी दोनदा केला. संध्याकाळी पुन्हा केला. रात्री साडेनऊला तिचाच आला. “काय रे,” आई म्हणाली, “दिवसभरात एक फोन करायला होत नाही का तुला?”